भूकंप आणि गावातील घरे
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



दख्खनचे पठार काळ्या कातळाचे, म्हणून ते अचल, अशी समजूत फार काळ रूढ होती. शासकीय नकाशातही लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याचा गणला जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ही समजूत खोटी ठरली. गणेशविसर्जन आटोपून गावे निद्राधीन झाली होती. किल्लारी, सास्तूर आदी गावे क्षणात भुईसपाट झाली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

याचे कारण दैवी कोप नव्हे. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियास रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातील जुन्या भेगांतही साठतो. खडकाची सहनशक्ती संपली की तो भेगेवर अकस्मात सरकतो व भूमी हादरते.

परंतु माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. भिंती जाड होत्या, पण दगडमातीच्या. आतला व बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते आणि डोक्यावर मातीच्या छताचा भार होता. थर फुटून अलग झाले व छत खाली आले.

वऱ्हाडाने हे दूरचे मानू नये. गाविलगडच्या पायथ्याशी भूस्तराचा मोठा भंग आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, आणि गाळात हादरा वाढतो. मेळघाटातील साद्राबाडीस २०१८ मध्ये धक्के बसले. धाब्याची घरे तर आपल्याही गावांत आहेत.

म्हणून शिक्षकांनी भूगोलाचा हा पाठ पुस्तकापुरता ठेवू नये. फुगलेली भिंत, उशाशी रचलेले जड सामान, भेगाळलेली तुळई मुलांना ओळखता यावी. हादरा बसताच भिंतीपासून दूर होऊन दप्तराने डोके झाकावे व हादरा थांबल्यावर रांगेने मैदानात यावे, याचा सराव वर्षातून दोनदा घ्यावा. भूकंपाचा दिवस आधी सांगणारी विद्या अद्याप कोणापाशी नाही, हेही गावास समजावून द्यावे. म्हणजे अफवांचे भय उरणार नाही.

भूकंप टाळणे मनुष्याच्या हाती नाही. भिंत नीट बांधणे मात्र आहे. हा भेद मुलांच्या मनावर ठसला, तर त्या पाठाचे सार्थक झाले.