वाद्याच्या काठाची पांढरी पट्टी

श्रोतेहो, तंबोरा पुढ्यात आला की आपण तारा पाहतो, खुंट्या पाहतो, भोपळा बोटाने टकटक वाजवूनही पाहतो. पण तबली जिथे भोपळ्याला मिळते, त्या सांध्यावरून फिरलेल्या पांढऱ्या पट्टीकडे फारसे कुणी पाहत नाही. हाताने घडवलेल्या गिटारलाही काठाने अशीच पट्टी असते. आज बोलायचे आहे ते या पट्टीविषयी.

ही पट्टी नुसती शोभेची नव्हे. लाकडाच्या कापलेल्या टोकातून दमट हवा चटकन आत शिरते आणि धक्का लागला तर कपचीही तिथूनच उडते. लुगड्याचा काठ जसा पोत सांभाळतो, तशी ही पट्टी लाकूड सांभाळते.

पूर्वी या कामाला हस्तिदंत आणि हाड वापरीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ आणि १९९१ साली दुरुस्त्या झाल्या आणि आपल्याकडचा हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्याच्या कितीतरी आधी, १८७० मध्ये, अमेरिकेत हयात बंधूंनी सेल्युलॉइडचे पेटंट घेतले होते. कापसावर आम्लाची क्रिया करायची आणि त्यात कापूर मिसळायचा, असा हा पदार्थ. जुन्या वाद्यांवर तो सापडतो. नव्यांवर बहुधा दुसरे प्लास्टिक असते. आपल्या मिरजेला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून तंतुवाद्यांचे कारागीर घडले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता नव्या वाद्यावर पट्टी कशी साफ करतात ते पहा. चिकटवलेली पट्टी पुरती वाळू द्यायची. घाई केली तर ती मागून आकसते आणि सांधा उघडा पडतो. मग पोलादी पात्याने तासून ती लाकडाच्या पातळीला आणायची. इथे काचकागद जोराने घासू नये. एक तर घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते. आणि दुसरे म्हणजे शिसवासारख्या गडद लाकडाची धूळ पांढऱ्या पट्टीत बसते, ती मग निघता निघत नाही. म्हणून आधी लाकडावर चपड्याचा पातळ हात देतात, म्हणजे रंग पसरत नाही. रंग चढवून झाला की पात्याची धार उभी धरून, बोटाचा आधार देऊन, पट्टीवर सांडलेला रंग हलकेच खरवडून काढतात. पट्टी पांढरीशुभ्र दिसली की सगळ्यावर मिळून पारदर्शक पॉलिशचा हात.

कारागिराचे काम इथे संपते. पुढचे काम तुमचे-आमचे. शाळेतला किंवा देवळातला तंबोरा पुसायचा तर मऊ, कोरडे फडके पुरे. खाचांतली धूळ मऊ कुंचल्याने काढावी. बोटांचा मळ बसला असेल तर फडके पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, पुसावे आणि लगेच कोरडे करावे. झाले!

पण तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. नखांचा रंग काढायचे औषध, म्हणजे ॲसिटोन, आणि रंगाचा थिनर पट्टीला लावू नका, प्लास्टिक विरघळते. स्पिरिट लावू नका. चपड्याचे पॉलिश त्यात विरघळते, डाग पुसायला जावे तर चकाकीच पुसली जाते. आणि जुन्या पट्टीजवळ समई, उदबत्ती, मेणबत्ती ठेवू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेते. ते ओळखायला काडी लावून पाहण्याचा प्रयोग तर मुळीच नको. पट्टी बोटाने जरा चोळा आणि हुंगून पहा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड समजावे.

वर्षे जातात तसा त्यातला कापूर उडून जातो, पट्टी आखडते आणि सुटते. गिटारच्या कमरेपाशी हे आधी दिसते. पट्टीला चिरा पडू लागल्या, तिखट वास येऊ लागला, जवळच्या तारांवर गंज चढला, तर पदार्थ कुजू लागला असे समजा. असे वाद्य बंद पेटीत ठेवू नका, मोकळ्या हवेत ठेवा आणि जाणत्या कारागिराला दाखवा. पिवळेपणा मात्र रोग नव्हे. तो खरवडू नका, नाहीतर कारागिराने कोरलेली नक्षीही बरोबर जाईल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वाद्य पुसण्याचे काम मुलांकडे द्या, पण आधी हे सारे त्यांना समजावून द्या. कापूस, कापूर, आम्ल, उष्णता, दमट हवा: विज्ञानाचा अर्धा धडा त्या एका पट्टीत आहे. आणि वाद्याला हात कसा लावावा, हे ज्या मुलाला कळले, त्याला सूर धरायला वेळ लागत नाही.