नवखा रांगेत उभा आहे

काशीत नारद घाट ओलांडून उत्तरेकडे निघालं की लगेच राजा घाट लागतो. त्याचं जुनं नाव अमृतराव घाट. दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक भाऊ अमृतराव पेशवे इंग्रजांशी तह करून उत्तरेत आले आणि १८२४ मध्ये काशीतच वारले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हा घाट पक्का बांधून घेतला. मराठी माणसाला या पायऱ्यांवर परकं वाटत नाही, त्याला हेही एक कारण आहे. आज मात्र पेशव्यांची गोष्ट सांगायची नाही. या घाटापासून थोडं पुढे गेलं की पांडे घाट येतो. तिथे एके काळी बबुआ पांडे नावाच्या पैलवानाने आखाडा काढला आणि घाटाला नाव मिळालं ते राजाचं नाही, त्या पैलवानाचं. आजची गोष्ट अशा आखाड्याच्या दारात पहिल्यांदा येऊन उभ्या राहणाऱ्या पोराची आहे.

आखाड्यात नव्या पोराला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. त्याच्या हातात फावडं दिलं जातं. हौद्यातली माती उकरायची, ढेकळं फोडायची, माती सारखी करायची. उस्ताद लांबून बघत असतो. पोराचा दम किती टिकतो, कंबर कुठे वाकते, खांदा कसा फिरतो, कंटाळून तो निघून जातो की दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येतो. डाव अजून एकही शिकवलेला नसतो, पण निवड सुरू झालेली असते. मराठी मुलखातल्या तालमींतही हीच रीत आहे.

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये याच रीतीला एक नाव आहे, वॉक-ऑन. म्हणजे आपल्या पायांनी चालत मैदानावर आलेला. तिथला फुटबॉल हातात धरून पळण्याचा आणि अंगावर अंग आदळण्याचा खेळ. मोठ्या विद्यापीठांचे संघ शाळेतल्या नामांकित खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. वरच्या गटात एका संघाला अशा ८५ शिष्यवृत्त्या देता येत, आणि संघात मुलं मात्र शंभराच्या वर असत. उरलेली मुलं कोण? ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं ती. स्वतःची फी भरायची, वैद्यकीय दाखला आणायचा आणि चाचणीच्या दिवशी रांगेत उभं राहायचं. तिथे चाळीस यार्ड पळायला लावतात, उड्या मारायला लावतात, दिशा बदलत धावायला लावतात. कित्येकदा चेंडूला हातही लागत नाही.

निवड झाली तरी अशा मुलाला सामन्यात उतरवतीलच असं नाही. त्याला सरावाच्या संघात घालतात. शनिवारी ज्या संघाशी गाठ पडणार, त्याच्या चाली आठवडाभर पाठ करायच्या आणि आपल्याच मुख्य खेळाडूंसमोर हुबेहूब खेळून दाखवायच्या. मार खायचा तो त्यांच्याकडून आणि सामना बघायचा कडेला उभं राहून. तालमीत बुजुर्ग पैलवानाचा घाम काढण्यासाठी त्याच्यापुढे रोज उभा राहणारा पोरगा असतो, तेच हे काम. मोठ्या पैलवानाची तयारी अशा पोरांच्या अंगावर होते, हे तालमीच्या बाहेर फार कमी लोकांना ठाऊक असतं.

नोत्र दाम विद्यापीठातला रूडी रूटिगर हा असाच मुलगा. जेमतेम साडेपाच फूट उंचीचा आणि वाचनाचा जन्मजात त्रास असलेला. विद्यापीठाने तीनदा नकार दिल्यावर चौथ्या अर्जाला त्याला प्रवेश मिळाला. मग तो सरावाच्या संघात खपत राहिला. ८ नोव्हेंबर १९७५ ला, घरच्या मैदानावरच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात, अगदी अखेरच्या क्षणांना त्याला आत सोडलं. तेवढ्यात त्याने समोरच्या संघाच्या मुख्य खेळाडूला चेंडूसकट खाली पाडलं आणि सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं. त्याच्यावर १९९३ मध्ये सिनेमा निघाला. जे. जे. वॉटची गोष्ट वेगळी आहे. तो आधीच्या विद्यापीठातली शिष्यवृत्ती सोडून आला, मध्ये पिझ्झा पोचवण्याचं काम केलं आणि विस्कॉन्सिनमध्ये न बोलावता दाखल झाला. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन वर्षं तो सर्वोत्तम बचावपटू ठरला.

पण या विषयावरचं सगळ्यात विलक्षण उदाहरण अमेरिकेतलं नाही. ते काशीच्या परिसरातलं आहे.

वाराणसीहून प्रयागराजकडे निघालं की वाटेत गोपीगंज लागतं. आज हा भाग गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भदोही जिल्ह्यात येतो. १९९४ पर्यंत तो वाराणसी जिल्ह्यातच होता. तिथल्या एका ट्रकचालकाच्या घरी १९८८ मध्ये रिंकू सिंह जन्मला. भावंडं नऊ, घर एका खोलीचं. दिनेश पटेल वाराणसीजवळच्या खेड्यातला, आजी-आजोबांच्या हाताखाली वाढलेला. दोघेही लखनौच्या गुरु गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेजमध्ये भालाफेक शिकत होते. तिथे त्यांच्या कानावर एका स्पर्धेची बातमी आली. चेंडू जोरात आणि नेमका फेकायचा, बस. खेळ कुठला, तर बेसबॉल. हा खेळ दोघांनी कधी खेळलेला नव्हता, की पाहिलेला नव्हता.

जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी एजंटाने आणि त्याच्या साथीदारांनी ही स्पर्धा भारतात भरवली होती. त्यांचा डोळा क्रिकेटपटूंवर होता. इतके वेगवान गोलंदाज असलेल्या देशात एखादा तरी बेसबॉलचा हात सापडेल, असा हिशेब. सुमारे ३७,००० मुलांनी चेंडू फेकून पाहिला. रिंकू पहिला आला, दिनेश दुसरा. रिंकूच्या फेकीचा वेग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर होता. त्याला एक लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. वर्ष २००८.

क्रिकेटच्या देशात भालेवाले का जिंकले? याचं उत्तर हाताच्या कोपरात आहे. गोलंदाजाला चेंडू सोडताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, नियमच तसा आहे. लहानपणापासून त्याच्या हाताला तीच शिस्त लागलेली असते. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून, खांदा मागे ताणून, चाबकासारखा हात सोडायचा असतो. भालाफेकही तेच मागते. आधी पाय रोवायचा, मग कंबर पुढे, मग छाती आणि सगळ्यात शेवटी हात. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा आणि बेसबॉलचा चेंडू दीडशे ग्रॅमहूनही थोडा हलका. ज्या खांद्याने भाल्याचं वजन वर्षानुवर्षं पेललं, त्याला हा चेंडू पिसासारखा वाटला असेल. म्हणजे ही मुलं खेळात नवखी होती, पण त्यांचं अंग नवखं नव्हतं. तो खेळ कुठला ते कळायच्या आधीच त्यांच्या अंगाने त्याची अर्धी तयारी केली होती.

मग ती दोघं लॉस एंजेलिसला गेली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मैदानावर टॉम हाउस या प्रशिक्षकाने त्यांना हाती घेतलं. हाउस स्वतः जुना बेसबॉल खेळाडू. आपल्या शिष्यांना तो अमेरिकन फुटबॉल फेकायला लावतो, यासाठीच तो प्रसिद्ध आहे. तो लांबोडा चेंडू चुकीच्या हाताने सुटला की हवेत डगमगतो आणि चूक लगेच दिसते. रिंकू आणि दिनेश यांना सगळंच शिकायचं होतं. हातमोजा कसा घालायचा, आपल्याकडे आलेला चेंडू कसा अडवायचा, धावपटू पळाला तर कुणाकडे बघायचं, शिवाय इंग्रजीही. मुक्काम बर्नस्टीनच्याच घरी होता.

नोव्हेंबर २००८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी गावी व्यावसायिक संघांच्या पारख्यांसमोर त्यांची चाचणी झाली. त्याच महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. अमेरिकेतल्या बड्या व्यावसायिक संघाने करारबद्ध केलेले ते पहिले भारतीय खेळाडू. चेंडू पहिल्यांदा हातात घेतल्याला तोवर एक वर्षही झालेलं नव्हतं. २००९ च्या जुलैत रिंकूने आपल्या संघाला एक सामना जिंकून दिला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये असं करणारा तो पहिला भारतीय. २०१४ मध्ये या दोघांवर डिस्नेचा सिनेमा आला आणि त्याला ए. आर. रहमान यांचं संगीत होतं.

सिनेमा जिथे संपतो त्याच्या पुढचंही सांगायला हवं, कारण खरी परीक्षा तिथेच होती. दिनेशला संघाने २०१० च्या अखेरीस मोकळं केलं आणि तो भारतात परत आला. रिंकू खालच्या श्रेणीतल्या संघांतून बरीच वर्षं झगडला, मग हाताला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली. मेजर लीगच्या मैदानावर दोघांपैकी कुणीही पोचलं नाही. रिंकू पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात वीर महान या नावाने उतरला. याला अपयश म्हणणारे लोक आहेत. गोपीगंजच्या एका खोलीतून निघालेला मुलगा त्या चाचणीच्या रांगेत उभाच राहिला नसता तर त्याच्या खांद्यात काय दडलं आहे, ते त्यालाही कळलं नसतं. अपयश म्हणायचं असेल तर ते रांगेत उभं न राहण्याला म्हणावं.

महाराष्ट्रालाही अशा चाचणीची एक आठवण आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते. त्यांच्याबद्दल असं सांगतात, की कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला ते गेले तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून त्यांना नकार मिळाला. मग ते प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळाल्यावर त्यांनी थोराड गडी लोळवले. घरात कुस्ती होती, त्यामुळे मातीत ते नवखे नव्हते. नवखे ठरले ते १९४८ मध्ये, लंडन ऑलिम्पिकला. मॅटवर कुस्ती खेळण्याचा अनुभव नाही, नियम निराळे. तरी सहावा क्रमांक. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एका नावनोंदणीच्या टेबलावर ही वाट अडली असती.

त्याच कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींची नावं आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. ज्यांच्या नावातच तालीम आहे त्यांनी चेंडू पायात घेतला आणि अख्खी पेठ सामन्याला लोटू लागली. एका खेळाचं अंग दुसऱ्या खेळाला उपयोगी पडतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेत मात्र न बोलावता येणाऱ्यांसाठीचं दार आता अरुंद होत आहे. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली, पण फुटबॉल संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ठेवता येतील असं ठरलं. त्याचा फटका आधी न बोलावता आलेल्यांनाच बसला. त्या तडजोडीने खेळाडूंना पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली, ते योग्यच आहे. सरावात मार खाणाऱ्या पोराची जागा त्यासाठी जावी, हे योग्य नाही.

आपल्याकडे जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की जिमखान्याच्या फळ्यावर चाचणीची सूचना लागते. शाळेत जिल्ह्याला, विभागाला खेळलेली मुलं पुढे येतात आणि संघ तासाभरात ठरतो. पुढे आंतरमहाविद्यालयीन सामने येतात, विद्यापीठाचा संघ निवडला जातो. खेड्यातून आलेला, कधी बूट न घातलेला, पण रोज नदी पोहून पार करणारा किंवा शेतात पोती उचलणारा मुलगा फळा वाचतो आणि वर्गात निघून जातो. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हातात सात वर्षं असतात, रिंकू आणि दिनेशला एकसुद्धा मिळालं नव्हतं.

तेव्हा जिमखाना सांभाळणाऱ्या सर्व शिक्षकांना एक विनंती. यंदाच्या सूचनेत एक ओळ वाढवा, की पूर्वी न खेळलेल्यांनीही यावं. त्यांच्यासाठी एक वेगळी सकाळ ठेवा. त्यांना पळवा, उड्या मारायला लावा, काहीतरी लांब फेकायला लावा आणि जो दुसऱ्या दिवशीही येईल त्याचं नाव लिहून घ्या. आणि ज्याने आजवर चेंडूला हात लावलेला नाही, अशा ऐकणाऱ्या मुला-मुलींनो, सूचना लागली की रांगेत उभे राहा.