माळावरचा वणवा : अस्मानी की सुलतानी?

दौंडहून नगरकडे निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात काष्टी येते. श्रीगोंदे तालुक्यातील हे गाव जनावरांच्या बाजारासाठी साऱ्या मुलखात प्रसिद्ध आहे. पाऊसपाणी बरे असते त्या वर्षी येथे बैलजोडीचे मोल ऐटीने सांगितले जाते; वैरण सरते त्या वर्षी तोच शेतकरी मिळेल त्या किमतीस दावे दुसऱ्याच्या हाती देतो. दुष्काळाची वार्ता सरकारी कागदावर उमटण्यापूर्वी अशा बाजारात ऐकू येते. परंतु वैरण सरण्याचे कारण प्रत्येक वेळी आकाशातूनच येते असे नाही. पुष्कळदा ते आगपेटीतील एका काडीतून येते.

या प्रदेशाचा कोरडेपणा मात्र निसर्गदत्त आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडतात आणि आपले बहुतेक धन तेथेच रिते करतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. श्रीगोंद्याच्या वाट्यास त्याचा जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास, येतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. काष्टीच्या परिसरात घोड नदीवरील धरणाच्या कालव्याने ऊस उभा केला हे खरे. पण जेथे पाट पोहोचला नाही तेथे अद्याप कुसळीचा माळ आहे.

हा माळ पावसाळ्यात हिरवा, दिवाळीस पिवळा आणि शिमग्यापर्यंत कडकडीत वाळलेला असतो. वणव्यास तीनच गोष्टी लागतात : सुके जळण, वारा आणि ठिणगी. पहिल्या दोन निसर्ग पुरवितो. तिसरी कोण पुरवितो, हाच खरा प्रश्न आहे. बांबूवर बांबू घासून दावानल पेटतो, अशी जुनी समजूत आहे. पण या माळावर बांबूचे बेट शोधूनही सापडत नाही. ऑस्ट्रेलियात किंवा कॅलिफोर्नियात कोरड्या विजेने रानेच्या राने पेटतात. आपल्याकडे वैशाखातील वीज बहुधा वळवाच्या सरीबरोबर येते, आणि लागलेली आग ती सरच विझविते. तेव्हा ठिणगीचा शोध माणसाच्या हातापर्यंत येऊन थांबतो : फेकलेली बिडी, बांध स्वच्छ करण्यासाठी लावलेला जाळ, न विझविलेली चूल. कोळशाची इंजिने धावत होती तोवर रुळांच्या कडेचे गवतही ठिणग्यांनी पेटे. आता वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना लागतात आणि तोडीस आलेला ऊस घटकेत भस्म होतो.

काही आगी मात्र जाणूनबुजून लावल्या जातात, आणि त्या लावणारा मनुष्य मूर्ख नसतो. वाळलेली जून काडी गुरे खात नाहीत, कुसळे मेंढरांच्या तोंडास व लोकरीस बोचतात, आणि जळालेल्या रानात कोवळा फुटवा लवकर येतो, हा मेंढपाळाचा अनुभव आहे. जेथे जमिनीत ओल टिकते तेथे तो अनुभव खराही ठरतो. पण श्रीगोंद्याच्या माळावर फाल्गुनात ओल कोठली? फुटवा मृगाचा पाऊस पडेपर्यंत येत नाही. मध्यंतरीचे तीन महिने जमीन उघडी पडते आणि हाताशी असलेली वाळकी वैरणही जाते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांचा आसराही तिच्याबरोबर जातो.

हानी एवढ्यावर थांबत नाही. गवताचे आच्छादन गेलेल्या जमिनीवर वळवाचा टपोरा थेंब थेट आदळतो. माती फुटते, तिची बारीक धूळ भूपृष्ठाची छिद्रे बुजविते, आणि जे पाणी मुरावयाचे ते माती घेऊन ओढ्याकडे धावते. ओढ्यास अकस्मात लोंढा येतो, तलावात गाळ साचतो, आणि माघ उजाडतो न उजाडतो तोच विहिरी तळ दाखवितात. आग, पूर आणि टंचाई या तीन निराळ्या आपत्ती वाटतात. वस्तुतः त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत.

याचा अर्थ सर्व दोष माणसाच्या माथी मारावा असा नव्हे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात पावसानेच दगा दिला. काष्टीवरून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावर त्या काळी दुष्काळपीडितांचे हात राबले आणि १८७८ मध्ये तो खुला झाला. १९७२ चे अवर्षण व २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट यांवरही कोणाचा ताबा नव्हता. सह्याद्रीवर पाऊस कोसळला म्हणजे काष्टीच्या शिवारात ढग नसतानाही भीमेला पूर येतो. हे सर्व अस्मानी होय. ते टळत नाही; पण त्याचा घाव किती खोल बसावा, हे पुष्कळसे जमिनीच्या स्थितीवर अवलंबून असते.

याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे असेच कमी पावसाचे गाव. १९९० नंतरच्या दशकात गावकऱ्यांनी डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, आणि मोकाट चराईऐवजी गवत कापून आणण्याची शिस्त पाळली. कापलेले गवत गोठ्यात वैरण होते. न कापलेले माळावर जळण होऊन राहते. त्यासोबत उन्हाळ्यापूर्वी माळाच्या कडेने गवत काढून जाळरेषा राखली, तर एका ठिणगीने सारा माळ जाण्याचे भय उरत नाही.

पाऊस पाडणे कोणाच्या हाती नाही. काडी ओढणे किंवा न ओढणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. दुष्काळाच्या वर्षी काष्टीच्या बाजारात एखादा शेतकरी दावे सोडून रित्या हाताने घरी परततो, तेव्हा तो नशिबास बोल लावतो. त्यातील काही भाग खरोखरच नशिबाचा असतो. उरलेला आदल्या फाल्गुनात माळावर जळून गेलेला असतो.