गोळ्या लागू पडेनाशा होतात तेव्हा



ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांना मधुमेह असल्याचं कळलं ते २०१२ सालच्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी. वजन उतरलं होतं, पण ते कामाच्या दगदगीवर ढकललं गेलं. निदान झालं टाइप टूचं आणि गोळ्या सुरू झाल्या. शुगर मात्र आटोक्यात येईना. पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की हा टाइप वन आहे, ज्याला आपण लहान मुलांचा मधुमेह म्हणतो तो. पुढे रोज इन्सुलिनची इंजेक्शनं घेत त्यांनी देशाचा कारभार पाहिला.

टाइप वन मोठ्या वयातही होतो, आणि त्याचीच एक सावकाश चालणारी तऱ्हा आहे. डॉक्टर मंडळी तिला लाडा म्हणतात. तिची ओळख उशिरा पटली, तर रुग्णाला विनाकारण सोसावं लागतं, म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

टाइप टूमध्ये शरीरात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. पुढे पुढे ते कमीही पडू लागतं. टाइप वनमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. मुलांमध्ये काही आठवड्यांतच तहान, लघवी, वजन घटणं असं सगळं अंगावर येतं. लाडामध्ये हल्ला तोच, पण गती मंद. साधारण तिशीनंतर सुरुवात होते, निदानानंतर कमीत कमी सहा महिने, कधी काही वर्षं, इन्सुलिनवाचून भागतं. त्यामुळे तो हुबेहूब टाइप टूसारखा दिसतो.

ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या एका मोठ्या अभ्यासाने १९९७ साली हे आकड्यांत दाखवलं. टाइप टू म्हणून नोंदलेल्या दर दहांपैकी जवळपास एकाच्या रक्तात जीएडी नावाच्या अँटिबॉडी सापडल्या. पस्तिशीच्या आतल्या ज्या रुग्णांत त्या होत्या, त्यांतल्या ८४ टक्के लोकांना सहा वर्षांत इन्सुलिन लागलं; ज्यांच्यात नव्हत्या, त्यांतल्या फक्त १४ टक्क्यांना. हे आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. युरोपात रुग्ण सडपातळ असला, की डॉक्टरांच्या मनात टाइप वनची शंका येते. आपल्याकडे टाइप टू कमी वयात आणि कमी वजनावरही होतो. दिसायला बारीक, पण अंगात चरबी जास्त, ही भारतीय ठेवण पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली आहे. म्हणजे नुसतं माणसाकडे पाहून प्रकार ठरवता येत नाही.

असा एखादा रुग्ण समोर बसतो, चाळिशीतला. फाइलमध्ये कागद एकावर एक लावलेले: आधी मेटफॉर्मिन, मग जोडीला ग्लिमेपिराइड, मग तिचा डोस दुप्पट, मग तिसरी गोळी. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर वजन आधीपेक्षा कमी. शेजारी बसलेली पत्नी सांगते, "डॉक्टर, यांनी वर्षभर साखरेचा चहासुद्धा घेतला नाही हो." घरचे बाकीचे मात्र म्हणत असतात, चोरून गोड खात असेल. हा आरोप फार जिव्हारी लागतो. पथ्य प्रामाणिकपणे पाळणाऱ्या माणसाला खोटं ठरवण्याआधी एकदा रक्त तपासावं, एवढी साधी गोष्ट आपण करायला हवी.

तपासण्या दोन. पहिली जीएडी अँटिबॉडीची. दुसरी सी-पेप्टाइडची. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबरीने तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून स्वतःचं किती इन्सुलिन उरलंय, ते त्यावरून कळतं. सरसकट सगळ्यांनी धावत जाऊन या तपासण्या करायची गरज नाही. पण गोळ्या वाढवूनही शुगर चढतेच आहे, वजन घटतं आहे, स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा आजार, कोड किंवा टाइप वन आहे, अशांनी डॉक्टरांकडे विषय जरूर काढावा.

कारण उपचार बदलतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या थकलेल्या पेशींना आणखी राबवतात. जपानमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गोळ्यांपेक्षा लवकर सुरू केलेल्या इन्सुलिनने उरलेल्या पेशी जास्त टिकल्याचं दिसलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांबाबतही सावध राहावं लागतं, कारण इन्सुलिन कमी पडत असताना त्यांच्यामुळे शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्लं साठू शकतात. म्हणून इन्सुलिनचं नाव निघालं, की "म्हणजे आता शेवटचीच पायरी" असं मनात आणू नका. पण गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका.

आणि लाडाचं निदान होऊन ज्यांचं इन्सुलिन सुरू झालं आहे, त्यांना एक कळकळीची विनंती. ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन पूर्ण थांबवू नका; डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना फोन करून विचारा. नवरात्राचे उपास धरायचे असतील, तर घटस्थापनेच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्या.