सेवा करणारीचा श्वास



वर्धापनदिनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी म्हणाले, ‘मी काही विदुषी नव्हे.’ पण सासूबाईंचे अंथरुणातले आजारपण मी चार वर्षे काढले. त्या अनुभवाचे चार शब्द सांगते.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. रात्री तीन-तीनदा उठून कूस बदलायची, अंग पुसायचे, पेज भरवायची. एके दिवशी त्यांच्या हाताने वाटी कलंडली आणि मी त्यांच्यावर ओरडले. त्यांची वाचा गेलेली. नुसत्या बघत राहिल्या. ती नजर मी अजून विसरलेले नाही. त्या रात्री विचार केला, तेव्हा कळले की, राग वाटीचा नव्हता. मला झोप नव्हती आणि दिवसभरात घटकाभरही उसंत नव्हती.

पुढे आमच्या इमारतीतल्या एका शेजारणीने मला एक चिनी व्यायाम शिकविला. चीनचे नाव ऐकून नाक मुरडू नका. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली तिकडे जखमींच्या सेवेस गेले आणि १९४२ साली तिथेच निवर्तले. सेवेला परका देश नसतो, तसा व्यायामालाही नसावा. श्वासाचा अभ्यास तर आपल्याला नवा नाहीच. लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्येच स्थापन केले.

या विद्येस ची-गाँग म्हणतात. ‘ची’ म्हणजे श्वास, प्राण. ‘गाँग’ म्हणजे सरावाने अंगी येणारे कौशल्य. त्यातला ‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा जुना क्रम आहे. पहिली हालचाल सांगते. पावले खांद्यांइतकी दूर ठेवावीत, गुडघे किंचित सैल सोडावेत. पोटापाशी बोटे एकमेकांत गुंफून, श्वास घेत हात वर न्यावेत आणि तळवे आभाळाकडे करावेत. मग श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी सावकाश खाली आणावेत. असे सहा वेळा करावे. श्वास कोंडू नये. सोडताना थोडा अधिक वेळ घ्यावा. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवर बसून करावे. घेरी आली, तर लगेच थांबावे. रक्तदाबाच्या गोळ्या याच्या भरवशावर बंद करू नयेत.

याने सासूबाई बऱ्या झाल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पण पेज सांडली, तरी माझा आवाज पूर्वीसारखा चढत नसे. एकदा मी हात वर नेले, तेव्हा त्यांनीही आपला चांगला हात उशीवरून थोडा उचलला. तेवढीच आमची क्षमायाचना झाली, असे मी समजते.

मात्र एक स्पष्ट सांगते. ती शेजारीण मला व्यायाम दाखवून निघून गेली नाही. रोज सकाळी अर्धा तास ती सासूबाईंपाशी बसे, म्हणून मला गच्चीवर जाता येई. आपल्या पिंपळे सौदागरात जुने वाडे गेले, उंच इमारती आल्या. बंद दारांआड कोण कोणाची सेवा करीत आहे, हे मजल्यावरही कळत नाही. तेव्हा ज्या घरी रुग्ण आहे, तिथे आपण पाळीपाळीने अर्धा तास बसावे. घरातल्या पुरुषांनीही आपली पाळी घ्यावी.