मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



‘चळवळ आणि कुटुंब’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून मी आपणांस एका दिवसाची हकीकत सांगणार आहे. तो दिवस शनिवार, १ डिसेंबर २०१८ चा. आदल्या दिवशी देशभरातून आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा दिल्लीच्या रामलीला मैदानावरून संसद मार्गापर्यंत गेला होता. कर्जमुक्ती आणि दीडपट हमीभाव यांचे कायदे करण्यासाठी संसदेचे खास अधिवेशन बोलवा, ही मागणी होती. आमच्या तुकडीत माझी आई होती, पत्नी होती आणि अकरा वर्षांची मुलगीही होती. परतीची गाडी शनिवारी रात्री उशिराची. मधला दिवस मोकळा होता.

अशा मोकळ्या दिवसाचे आपण काय करतो, हे आपणांस ठाऊकच आहे. स्टेशनवर सतरंजी पसरतो, आपल्या मोर्चाची बातमी वर्तमानपत्राने किती ओळींत उरकली ते मोजतो आणि गाडीची वाट पाहतो. त्यापूर्वी मी सात वेळा दिल्लीस गेलो होतो. तेथे काय पाहिले, असे कोणी विचारले असते तर ‘जंतर मंतर’ असे उत्तर मी दिले असते. आणि तेही खरे ठरले नसते. जंतर मंतर नावाच्या रस्त्यावर मी बसलो होतो. ज्या वेधशाळेवरून त्या रस्त्यास नाव पडले, तिच्या आवारात मी एकदाही पाऊल टाकले नव्हते. स्थळदर्शन ही सुखवस्तूंची चैन, असा समज आपल्यात रुजला आहे आणि आपण त्याला साधेपणा म्हणतो. त्या सकाळी आईने विचारले, “एवढ्या लांब आलो, ते निस्तं ओरडून माघारी जायाला का?” मजजवळ उत्तर नव्हते.

आम्ही प्रथम उत्तर दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, ती ही जागा. उघडलेल्या संविधानाच्या ग्रंथासारखी दिसणारी तेथील स्मारकाची इमारत त्याच वर्षी एप्रिलमध्ये खुली झाली होती. दर सहा डिसेंबरला आमच्या गावातून माणसे दादरला जातात. परंतु बाबासाहेबांचे अखेरचे घर दिल्लीत कोठे होते, हे आमच्या तुकडीत एकालाही सांगता आले नसते. मलाही आदल्या रात्री विचारूनच घ्यावे लागले.

तेथून मेट्रोने जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. आई एवढ्या मोठ्या इमारतीत बिचकेल, अशी मला धास्ती होती. सिंधू संस्कृतीच्या दालनात ती भाजक्या मातीच्या खेळण्यातल्या बैलगाडीसमोर थांबली आणि हलेना. “चाकं भरीव हायेत,” ती म्हणाली, “अशी गाडी चिखलात जड जाती.” मग तिने रांजण पाहिले, मडक्यांच्या कडा पाहिल्या, वजने पाहिली. चार हजार वर्षांहून जुन्या वस्तूंविषयी ती अशी बोलत होती, की जणू शेजारच्या घरातले सामान पाहते आहे. मी पाट्या वाचून सांगत होतो. तिला पाट्यांची फारशी गरज नव्हती. राजांची नाणी आणि तलवारी आम्ही भरभर ओलांडल्या.

मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी मात्र मुलीने शोधून काढली. १९२६ मध्ये उत्खननात सापडलेली ही मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची आहे. पाठ्यपुस्तकातील चित्रावरून ती पुरुषभर उंच असेल, असे मुलीला वाटले होते. डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा हात कमरेवर. “आजी, ही तुझ्यासारखी उभी आहे. तलाठ्याशी बोलताना तू उभी राहतेस ना, तशी!” आई हसली; पण नंतर तिने बराच वेळ त्या मूर्तीकडे पाहिले.

फाळणीच्या वेळी या वस्तूंचीही वाटणी झाली आणि मोहेंजोदडोच्या एका हाराचे तर मणी विभागून दोन हिस्से करण्यात आले, हे मी मुलीला सांगितले. “मग तो घालायचा कुणी?” तिने विचारले. आई म्हणाली, “भाऊ भाऊ बांध घालत्यात, तसंच की.” फाळणीवर मी अनेक शिबिरांत बोललो आहे, इतक्या थोड्या शब्दांत मला ते कधी साधले नाही.

दुपारी एका आवारातील हिरवळीवर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, तर पहारेकऱ्याने आम्हांस उठविले. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. दिवसभर उभाच होता. आम्ही पदपथावर जेवलो आणि त्यालाही एक दशमी दिली.

नंतर तीस जानेवारी मार्गावर गांधी स्मृतीत गेलो. गांधीजींचे अखेरचे १४४ दिवस येथे गेले. सरकारने १९७१ मध्ये हे बिर्लाभवन ताब्यात घेतले आणि १९७३ मध्ये ते लोकांस खुले केले. खोलीपासून प्रार्थनास्थळापर्यंत त्यांची पावले सिमेंटमध्ये उमटविली आहेत. मारेकरी पुण्याहून आला होता, ही आठवण घेऊन महाराष्ट्रातील माणूस त्या वाटेने चालतो. त्याविषयी अधिक बोलवत नाही.

उन्हे कलताना जंतर मंतरच्या आत गेलो. मुलीला तिकीट नव्हते. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे फी नसते. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास उभारलेल्या सम्राट यंत्रावर सावली सरकताना तिने पाहिली. भिंतीपलीकडून कोणत्या तरी धरण्याच्या घोषणा ऐकू येत होत्या. धरणी पूर्वी बोट क्लबवर होत. १९८८ मध्ये तेथे उत्तर प्रदेशच्या शेतकऱ्यांनी ठाण मांडले आणि पुढे १९९३ मध्ये निदर्शने या रस्त्याकडे हलविण्यात आली. २०१७ मध्ये हरित लवादाने येथेही बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली. हा इतिहासही मुलीला सांगावा लागला, कारण आत कोठल्याही पाटीवर तो नव्हता.

गावी परतल्यावर आमच्या खजिनदारांनी मला आडवे घेतले. ज्वारी विकून लोकांनी वर्गणी दिली, ती दिल्ली पाहण्यासाठी काय? खर्च मी पदरचा केला होता. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. मात्र आठ तासांच्या दिवसासाठी लढताना कामगारांनी आठ तास विश्रांतीचे आणि आठ तास स्वतःचे मागितले होते, हे आपण का विसरतो? राजधानीत आपण केवळ तक्रारदार म्हणून जावे आणि तेथील ठेवा पाहण्याचे काम सहलींच्या कंपन्यांनी आणलेल्यांवर सोडावे, ही वाटणी मला मान्य नाही. आई त्यानंतर दिल्लीस गेली नाही. तिच्याने आता प्रवास होत नाही. आणखी सात मोर्चांनंतर नेईन असे मी म्हटले असते, तर ती गाडी तिने पाहिलीच नसती.

तेव्हा माझी सूचना एवढीच. दिल्लीच्या प्रत्येक कार्यक्रमास एक दिवस जोडावा. त्याचा खर्च ज्याचा त्याने करावा, मुक्कामाची सोय संघटनेने पाहावी आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घरच्यांना आणावे. आणि तो दिवस सोमवार नसावा. ही संग्रहालये सोमवारी बंद असतात.