टायगरचा रंग ठरवण्याआधी तारीख ठरवा

रणगाड्यांची मॉडेल्स बनवणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "टायगरला कुठला रंग देऊ? करडा की पिवळा?"

मी उलट विचारतो, तुमचा टायगर कधीचा आणि कुठला?

कारण किट तेच असलं तरी तारीख बदलली की रंग बदलतो. १९४२ मध्ये टायगर लेनिनग्राडजवळ पहिल्यांदा लढाईत उतरला. तेव्हा युरोपातल्या जर्मन रणगाड्यांचा ठरलेला रंग होता गडद करडा, आरएएल ७०२१. मग फेब्रुवारी १९४३ मध्ये आदेश निघाला, की आता बेस गडद पिवळा, म्हणजे डुंकेलगेल्ब. त्यामुळे जुलै १९४३ मधल्या कुर्स्कच्या लढाईचे डिकल्स लावून टायगर करडा रंगवला, तर गणित जमत नाही.

पिवळ्यावर हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे असायचे. हा रंग युनिटला घट्ट पेस्टच्या रूपात मिळायचा. सैनिक तो पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायचे आणि स्प्रे नाहीतर ब्रशने मारायचे. कुणाचा दाट, कुणाचा फिका. म्हणजे बघा, 'एकच अचूक शेड' असं काही नाहीये. पण म्हणून काहीही चालतं असंही नाही! बेस कुठला, पट्टे कुठले, हे तारखेनेच ठरतं.

पुरावा कुठे शोधायचा? जुन्या कृष्णधवल फोटोत पट्टे कसे मारलेत ते कळतं, पण शेड कळत नाही. संग्रहालयातला रणगाडा खरा असतो, पण त्याच्यावरचा रंग अनेकदा नंतर दिलेला असतो. म्हणून मी आधी आदेशाची तारीख बघतो, मग त्याच युनिटचे, त्याच महिन्यांतले फोटो.

आणखी एक. लहान मॉडेलवर तोच रंग जास्त गडद दिसतो. १/३५ साठी मी बेसमध्ये थोडा फिका रंग मिसळतो आणि आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघतो. पूर्ण वाळल्यावरच ठरवतो.

एवढी खटपट कशाला? कारण हा रंग शोभेचा नव्हता. शत्रूच्या नजरेतून वाचण्यासाठी माणसांनी तो त्या जागेसाठी, त्या ऋतूसाठी मारला होता. तो बरोबर आला, की तुमच्या टेबलावर नुसता रणगाडा नाही, एक नेमका दिवस उभा राहतो.

तेव्हा रंगाची बाटली विकत घेण्याआधी किटच्या बॉक्सवर तीन गोष्टी लिहा: महिना, ठिकाण, युनिट. भेटूया पुढच्या भागात!